पोह्यावरची सेव भिजेपर्यंत

पत्र इंदूरचंच आहे, राजेंद्र नगरमधल्या एका ६१ वर्षांच्या ताईंचं. यजमान ६७ वर्षांचे, खासगी कंपनीतून निवृत्त. पेन्शन नाही; ठेवींचं व्याज आणि वरच्या मजल्याचं भाडं यांवर घर चालतं. यजमानांना मधुमेह, शेवटचा एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ८.४. जेवणानंतर सुपारी लागते, तीही घरच्या अडकित्त्याने कातरलेली. ताई लिहितात, “सकाळी पोह्यांवर सेव घातली की हे पाच-सात मिनिटं ताटली घेऊन नुसते बसून असतात. मला वाटायचं, पेपर वाचताहेत. मग लक्षात आलं, सेव भिजायची वाट पाहतात.” दातांच्या दवाखान्यात नेलं, तर १,९६,००० रुपयांचं एस्टिमेट हातात आलं. एकरकमी दिले तर दहा टक्के सूट, नाही तर बारा महिन्यांचा ‘नो कॉस्ट ईएमआय’, आणि वर ४,९९९ रुपयांचं फॅमिली मेंबरशिप कार्ड. न्यू जर्सीत असलेला मुलगा म्हणतो, “आई, आधी डेंटल इन्शुरन्स घे, मग ट्रीटमेंट सुरू कर, इथे सगळे तसंच करतात.” यजमान म्हणतात, सगळे काढून टाका, कवळी बसवा, अण्णांची कवळी नव्वदीपर्यंत टिकली. घरात पाच लाखांची आरोग्य पॉलिसी आहे. तीन लाखांची एफडी आहे, पण ती “अडीअडचणीसाठी”. मुलाकडे मागायचं नाही आणि पुण्याच्या लेकीकडे तर नाहीच नाही. तर दातांचा विमा कोणता घ्यावा, हा प्रश्न. सहीच्या खाली एक ओळ आहे, तिच्याकडे मी शेवटी येते.

ताई,

तुम्ही एस्टिमेटचा फोटो जोडलात हे फार बरं केलंत. पैशाचे प्रश्न विचारणारे बहुतेक लोक आकडा सांगतात, कागद दाखवत नाहीत, आणि उत्तर बहुधा कागदात असतं.

आधी तुमच्या मुलाचं. त्याचा सल्ला प्रेमाचा आहे आणि तो जिथे राहतो तिथे खोटाही नाही. अमेरिकेत दातांचा विमा हा वेगळा, जुना प्रकार आहे. १९५४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या युनियनने मुलांच्या दातांसाठी योजना मागितली, तिथून तो वाढला. पण तो चालतो कसा ते बघा. बऱ्याच पॉलिसी १००-८०-५० या हिशेबाच्या असतात. तपासणी आणि सफाईचे पूर्ण पैसे, मसाला भरण्यासारख्या साध्या कामाचे ८० टक्के, कॅप-ब्रिजसारख्या मोठ्या कामाचे ५०. त्यावर वर्षाची कमाल मर्यादा, बहुतेकदा हजार ते दोन हजार डॉलर. म्हणजे छोट्या खर्चाला पूर्ण साथ, मोठ्या खर्चाला अर्धी, आणि खर्च खरंच डोईजड झाला की हात वर. घराला आग लागली तर अर्धं घर तुमचं तुम्ही बांधा, पण दरवर्षी पंखे पुसायला माणूस आम्ही पाठवू, असा हा विमा आहे. तिथल्या ज्येष्ठांच्या मूळ सरकारी मेडिकेअरमध्ये तर नेहमीचे दातांचे उपचार येतच नाहीत. आईवडिलांना तिकडे न्यायचा विचार असेल तर हेही मुलाला सांगा, की पाहुण्यांसाठी मिळणाऱ्या विम्यात दात म्हणजे फार तर अचानक उठलेला ठणका किंवा अपघात. विमानात बसायच्या आधी दातांची कामं इथेच उरकायची.

आता आपल्याकडचं. तुमची पाच लाखांची पॉलिसी काढा आणि ‘काय वगळलं आहे’ ते पान उघडा. बहुतेक पॉलिसींमध्ये वाक्य जवळपास सारखंच असतं: दातांचे उपचार नाहीत, अपघातामुळे इस्पितळात भरती व्हावं लागलं तर आहेत. म्हणजे यजमान स्कूटरवरून पडून जबडा मोडला तर कंपनी पैसे देईल. वर्षानुवर्षांच्या सुपारीने दाढ तडकली तर नाही. आयुष्मान योजनेचंही तसंच. ७० पूर्ण झालेल्यांना उत्पन्न न बघता ऑक्टोबर २०२४ पासून त्यात घेतात, तेव्हा तीन वर्षांनी यजमानांचं कार्ड जरूर काढा, पण ते भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. कॅप आणि कवळी त्यातून होणार नाही.

राहिला नुसता दातांचा विमा. आपल्याकडे तो बहुतेक वेळा ‘ओपीडी कव्हर’, म्हणजे भरती न होता घेतलेल्या उपचारांचं कव्हर, म्हणून मूळ पॉलिसीला जोडून मिळतो. मी स्वतः तीन वर्षांपूर्वी घेतला होता, म्हणून जरा तोंड कडू करूनच सांगते. वर्षाला ५,८०० रुपये जास्तीचा प्रीमियम. ओपीडीची मर्यादा १०,०००, त्यात दातांसाठी आतली मर्यादा ५,०००, तीही कंपनीच्या यादीतल्या दवाखान्यांत. माझ्या डॉक्टरबाई यादीत नव्हत्या. यादीतला सगळ्यात जवळचा दवाखाना घरापासून नऊ किलोमीटरवर, तिथे सफाई करून घेतली, पंधराशे वसूल झाले. दुसऱ्या वर्षी ते कव्हर काढून टाकलं. एजंट वाईट नव्हता. त्याने सगळं छापून दिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

अशा कव्हरचं गणित एका ओळीत होतं: जास्तीत जास्त मिळणारी रक्कम वजा जास्तीचा प्रीमियम. तुमच्या बाबतीत दोन लाखांच्या कामापुढे ती वजाबाकी फार तर चार-पाच हजारांची निघेल, तीसुद्धा इम्प्लांट, कॅप आणि कवळी वगळलेली नसतील तर. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेव्हा “आता स्वस्त झालाय, घेऊन टाका” असे फोन येत असतील. प्रीमियम उतरला हे खरं, पण त्याने दाताची मर्यादा वाढत नाही.

आणि “आधी विमा, मग ट्रीटमेंट” यात एक अडचण आहे, ती मुलाच्या लक्षात आलेली नाही. एस्टिमेट झालेलं आहे, एक्स-रे निघालेले आहेत. प्रपोजल फॉर्मवर आधीपासूनचे आजार विचारतात, तिथे हे लपवावं लागेल. लपवलं आणि कळलं, तर नुसता दातांचा नव्हे, पुढे हृदयाचा क्लेमही अडकू शकतो. सांगितलं, तर थांबा म्हणतील. आधीच्या आजारासाठी कंपनीला ३६ महिन्यांपर्यंत थांबवता येतं. तहान लागली आहे हे विहिरीवाल्याला सांगून तो तीन वर्षांनी पाणी देणार असेल, तर त्या विहिरीत आज पैसे टाकायचे कशाला?

तर ताई, विमा नको. पण इथे थांबले तर तुमचा प्रश्न तसाच राहतो, कारण १,९६,००० तसेच उभे आहेत. ते खरंच एवढे आहेत का, ते बघू.

कागदावर पाच ओळी आहेत. दोन दाढांना रूट कॅनल आणि कॅप, ३०,०००. हिरड्यांची खोल सफाई, १२,०००. दोन हलणारे दात काढणं, ४,०००. तीन इम्प्लांट, १,१४,०००. आणि समोरच्या चार दातांवर व्हिनिअर, म्हणजे दर्शनी बाजूला पातळ पापुद्रा चिकटवायचा, ३६,०००. बेरीज बरोबर आहे. पण या पाच ओळींची घाई सारखी नाही, आणि कागदावर त्या अशा एकाखाली एक छापल्या आहेत, जणू सगळ्या सोमवारी सकाळीच व्हायला हव्यात.

व्हिनिअर दिसण्यासाठी असतात. यजमानांनी मागितले होते का? पत्रावरून तरी त्यांचं दुःख सेवेशी आहे, आरशाशी नाही. ती ओळ पेनाने खोडा. ३६,००० गेले.

इम्प्लांटच्या ओळीपाशी मी जास्त वेळ थांबले, कारण तिथे पैसा आणि प्रकृती दोन्ही अडकले आहेत. इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला स्क्रू. तो हाडाने धरायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, मग त्यावर दात. साखर ८.४ असताना जखम भरायला आणि हाड धरायला त्रास होण्याची शक्यता वाढते. बहुतेक डॉक्टर आधी साखर आटोक्यात आणायला सांगतात. तुमच्या कागदावर साखरेचा शब्दही नाही. विचारलं नसेल असं मी म्हणत नाही, लिहिलं नाही एवढंच. शिवाय हिरड्यांत सूज आणि पू असेल तर साखर आणखी वर राहते, आणि साखर वर राहिली की हिरड्या आणखी बिघडतात. दोघे एकमेकांचा हात धरून चालतात. म्हणून ती १२,००० ची सफाईची ओळ, जी सगळ्यात बिनमहत्त्वाची वाटते, ती मी सगळ्यात वर नेईन. नंतर तीन महिन्यांनी पुन्हा एचबीए१सी करा. तो खाली आला, हिरड्या घट्ट झाल्या, तर इम्प्लांटची चर्चा करा. सुपारी मात्र तोपर्यंत बंद व्हायला हवी. ज्या तोंडात अडकित्त्याची कातरण रोज फुटते, तिथे लाखावर रुपये घालणं म्हणजे खडीच्या रस्त्यावर गालिचा. आणि सुपारी दातांपुरतीच वाईट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नुसत्या सुपारीला, तंबाखूशिवायच्याही, २००४ मध्येच कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. तपासणीला जाल तेव्हा “गालाच्या आतून बघा हो” असं डॉक्टरांना आठवणीने सांगा. तोंड पूर्वीइतकं उघडतं का, तेही.

म्हणजे या महिन्यात उरतात ते रूट कॅनल-कॅप, सफाई आणि दात काढणं. ४६,०००. १,९६,००० मधले.

यात एक गोष्ट मात्र पुढे ढकलू नका. रूट कॅनल झालेल्या दाढेची कॅप. लोक रूट कॅनल करतात, ठणका थांबतो, आणि कॅपचे नऊ हजार दिवाळीनंतर बघू म्हणतात. दिवाळीत चकली चावताना दाढ उभी चिरते, मग ती काढावीच लागते, आणि रूट कॅनलचे पैसेही जातात. आमच्याच घरात हे झालं आहे, माझ्याच दाढेचं. कॅप धातू-पोर्सेलिनची की झिर्कोनियाची, हे मात्र विचारून ठरवा. मागच्या दाढेला, जी हसताना दिसत नाही, तिथे साध्या कॅपनेही काम भागतं.

आता यजमानांचं “सगळे काढा”. हा पर्याय स्वस्त वाटतो कारण त्याचं बिल एकदाच येतं. पण अण्णांची कवळी नव्वदीपर्यंत टिकली, म्हणजे ती डबीत टिकली की तोंडात, हे एकदा शांतपणे आठवून बघा. माझ्या सासऱ्यांची कवळी जेवताना स्टीलच्या वाटीत आणि फोटो काढताना तोंडात असायची. भाकरी दुधात, भुट्टा कीस करूनच. दात काढले की खालचं हाड वर्षागणिक झिजतं आणि खालची कवळी सैल होत जाते. मग ती पुन्हा घट्ट करा, नवी करा. शिवाय चांगले, घट्ट दात काढायला प्रामाणिक डॉक्टर सहसा तयार होत नाही. पण यजमानांच्या म्हणण्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे: गेलेल्या दाढांच्या जागी इम्प्लांटच हवं असं नाही. काढता-घालता येणारी अर्धी कवळी, जी उरलेल्या दातांना धरून बसते, ती इम्प्लांटच्या मानाने फार थोड्या पैशात होते. ती करून वर्षभर वापरली आणि नाहीच जमली, तर इम्प्लांटचा रस्ता मोकळाच आहे. ब्रिज हाही पर्याय आहे, फक्त त्यासाठी शेजारचे धडधाकट दात घासून बारीक करावे लागतात, आणि एकदा घासलेला दात परत वाढत नाही. आणि कधी काळी खालचे सगळे दात गेलेच, तर दोन इम्प्लांटवर खटकन बसणारी कवळी हा मधला मार्ग आहे, हे ऐकून ठेवा.

दुसरं मत घ्या. दवाखान्याला वाईट वाटेल ही भीती सोडा. ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा तो लांबलचक एक्स-रे, त्याचे पैसे तुम्ही दिले आहेत, तो तुमचा आहे. व्हॉट्सॲपवर मागून घ्या. आणि मग एम.वाय. इस्पितळाच्या जवळ आपलं सरकारी दंत महाविद्यालय आहे, १९६१ पासूनचं, तिथे जा. लोक नाक मुरडतात, “तिथे शिकाऊ मुलं असतात”. असतात. पण त्यांच्या मागे त्यांचे सर उभे असतात, आणि प्रत्येक पायरीवर सही घेतल्याशिवाय मुलगा पुढे जात नाही. खासगीत जे दोन फेऱ्यांत होईल त्याला तिथे पाच लागतील, बाकावर बसावं लागेल, पर्ची घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरावं लागेल. निवृत्त माणसाकडे वेळ असतो, तोच तिथे चलनासारखा चालतो. कवळी, सफाई, दात काढणं, साधं मसाला भरणं यासाठी मी डोळे झाकून पाठवते. अवघड, वाकड्या मुळांच्या दाढेचं रूट कॅनल असेल तर तिथल्या पदव्युत्तर विभागात विचारा. शहरातल्या खासगी दंत महाविद्यालयांतही ओपीडी असते आणि दर बाहेरच्या दवाखान्यांपेक्षा बरेच कमी असतात.

जाताना औषधांची यादी खिशात हवी. यजमान रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर ती स्वतःहून बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना विचारा. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल (हे तुम्हालाही लागू आहे, ताई) तर दात काढायच्या आधी सांगणं फार गरजेचं आहे.

आता ४६,००० कुठून आणायचे? ईएमआयवर एक हिशेब करून दाखवते, कारण ‘नो कॉस्ट’ हा शब्द फार गोड आहे. एकरकमी दिले तर १,७६,४००. हप्त्याने दिले तर १,९६,०००, महिन्याला १६,३३३. म्हणजे १,७६,४०० ची वस्तू तुम्ही १९,६०० जास्त देऊन घेता. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं, तेव्हा हे व्याज वर्षाला सुमारे २० टक्के पडतं. ते व्याज सुटीत लपवलेलं आहे, एवढंच. प्रोसेसिंग फी असेल तर आणखी. हप्ते घ्यायचेच झाले तर बँक किंवा वित्त कंपनीकडून ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना ते देणं बंधनकारक आहे, आणि त्यात सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर एका आकड्यात लिहिलेला असतो. आणि कर्ज तुमच्या नावावर असतं, दवाखान्याच्या नव्हे. दवाखाना मध्येच बंद पडला, डॉक्टर बदलले, काम पसंत पडलं नाही, तरी हप्ता चालूच. म्हणून पूर्ण रकमेचं कर्ज एकदम उचलू नका. काम होईल तसे पैसे द्या, रूट कॅनलचे रूट कॅनलला, कॅपचे माप घेताना.

तीन लाखांच्या एफडीवर बोट ठेवायला तुम्हाला नको वाटतं, समजतं. मोडूही नका. त्याच एफडीवर बँकेतून उचल मिळते, एफडीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त दराने, आणि एफडीचं व्याज चालूच राहतं. वीस टक्क्यांपुढे हे कितीतरी स्वस्त. आणि एक विचारू? नवऱ्याला चावता येत नाही, सेव भिजायची वाट बघत बसतो, ही अडीअडचण नाही तर काय?

मेंबरशिप कार्डाबद्दल थोडक्यात. तो विमा नाही, सवलतीचा पास आहे. खऱ्या विमा योजनेच्या कागदावर आयआरडीएआय या विमा नियामकाने दिलेला यूआयएन, म्हणजे योजनेचा ओळख क्रमांक, छापलेला असतो, या कार्डावर तो सापडणार नाही. वर्षाला दोघांच्या सफाया त्याच दवाखान्यात करणार असाल तर हिशेब जमूही शकतो. फक्त क्रम सांभाळा: आधी एस्टिमेट लेखी घ्या, मग कार्डाचं नाव काढा. उलट केलं तर सूट कोणत्या आकड्यावर मिळाली हे कळणार नाही.

इतर वाचकांपैकी काहींचं काम याहून सोपं आहे. माजी सैनिक असाल तर ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये दातांचं खातं असतं. केंद्र सरकारचे निवृत्त असाल तर सीजीएचएसच्या ठरलेल्या दरांत रूट कॅनलपासून कवळीपर्यंत बरंच येतं. महिना २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांनी पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, कपात होते का ते बघावं. होत असेल तर नंदा नगरच्या ईएसआय इस्पितळात दात दाखवायचा हक्क तुम्ही दर महिन्याला विकत घेतच आहात. आणि ज्या ज्येष्ठांकडे कुठलीच आरोग्य पॉलिसी नाही, त्यांना जुन्या करपद्धतीत वर्षाला ५०,००० पर्यंतच्या वैद्यकीय खर्चाची वजावट मिळू शकते, दातांच्या बिलांसकट. बिल जपून ठेवा आणि रोख देऊ नका. तुमच्याकडे पॉलिसी आहे, म्हणून हे तुम्हाला लागू नाही.

आता लेकीचं. पूर्ण पत्रात तिचा उल्लेख एकदाच आहे, “तिच्याकडे तर नाहीच नाही”. ती आयटी कंपनीत आहे असंही तुम्ही ओझरतं लिहिलंय. ताई, तिच्याकडे पैसे मागू नका, ठीक. पण एक प्रश्न तर विचारा: तुझ्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आईवडिलांना घेता येतं का, आणि त्यात ओपीडी किंवा डेंटल आहे का? कित्येक कंपन्यांत असतं, आधीच्या आजारांची अट न घालता असतं, आणि नाव घालायची खिडकी वर्षातून एकदाच उघडते. भारतात दातांचा विमा कुठे खरोखर कामाचा ठरत असेल तर तो इथे, नोकरीबरोबर आलेला. त्याचा प्रीमियम तुम्ही तिला देऊन टाका, म्हणजे तुमचाही प्रश्न मिटला. कदाचित तुम्ही सांगाल याची ती वाट पाहत असेल, आणि ती विचारेल याची तुम्ही. आपल्याकडे मुलाकडे मागायचा संकोच वेगळा आणि मुलीकडे मागायचा वेगळा. दुसरा संकोच कुणासाठी पाळायचा, हे मला या वयात कळेनासं झालं आहे.

पुढच्या वर्षांसाठी विम्याऐवजी तुम्हाला आवडेल असं काही सांगते. तुम्ही भिशीत आहात, दरमहा दोन हजार भरता असं लिहिलंय. तशीच एक दातांची भिशी काढा, दोघांचीच. बँकेत १,५०० ची आवर्ती ठेव. वर्षाला अठरा हजार. दोघांची सफाई, एखादं मसाला भरणं, एखादा एक्स-रे त्यात सहज बसेल, आणि ज्या वर्षी काही निघालं नाही त्या वर्षीचे पैसे कंपनीकडे जाणार नाहीत. दात हा मुळात अचानक कोसळणारा खर्च नाही, घराच्या रंगासारखा आहे. येणार हे माहीत असतं, केव्हा ते थोडंफार आपल्या हातात असतं.

आणि आता ती सहीखालची ओळ. “मी स्वतः दोन वर्षं डाव्याच बाजूने चावते, पण ते काही इतकं नाही.”

यजमान सात मिनिटं थांबतात हे तुम्ही टिपलंत. तुमची दोन वर्षं कुणी टिपली? पाच ओळींच्या त्या एस्टिमेटमध्ये तुमच्या नावाची एकही ओळ नाही. उजव्या बाजूला काय आहे ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. पण दोन वर्षांपूर्वी जे कदाचित मसाला भरून भागलं असतं, त्याला आता कदाचित रूट कॅनल लागेल, आणि पुढच्या वर्षी कदाचित ती दाढ काढावी लागेल. “इतकं नाही” म्हणत थांबलं की असंच महाग होत जातं.

तेव्हा एम.वाय.कडे जाल तेव्हा पर्च्या दोन काढा. एक यजमानांच्या नावाची, एक तुमच्या. आधी तुम्ही खुर्चीवर बसा, त्यांना बाकावर बसू दे. सकाळी पोहे खाऊनच निघा, तिथे वेळ लागतो. आणि काय निघालं ते मला कळवा. या वेळी एस्टिमेटचे फोटो दोन पाठवा.